पटावर देव मांडताना

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून गेल्या काही वर्षांत एक परदेशी बैठा खेळ रुजत चालला आहे, आणि तो खेळणारी तरुण मंडळी पुष्कळदा तीच असतात, जी शनिवार-रविवारी पाठीवर पिशव्या टाकून राजगड-तोरण्याची वाट धरतात. या खेळात आपल्या देवदेवतांना पात्रे म्हणून आणावे की न आणावे, हा प्रश्न, जेथे डोंगराला, खिंडीला आणि पाणवठ्याला स्वतःचे दैवत आहे अशा भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या संदर्भात विचारणे मला अगत्याचे वाटते. माझे उत्तर असे की, देव अवश्य आणावेत. मात्र परदेशी पुस्तकांनी जी रीत घालून दिली आहे ती डोळे मिटून न स्वीकारता, ज्या रीतीने आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे देवांना सोंगांत, गंजिफांत, गोंधळांत आणि सारीपाटाच्या कथांत वावरू दिले, त्या रीतीने आणावेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना त्याची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. चारपाच गडी मेजाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो आणि एका कल्पित मुलखाचे वर्णन करीत त्यातल्या वाटा, संकटे आणि माणसे उभी करतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि त्या पात्राच्या तोंडाने बोलतात. लिहिलेली संहिता नसते, आणि एखादे धाडस फळेल की फसेल याचा निर्णय करावयाचा असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकला जातो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला आणि पुढे त्या धर्तीवर असंख्य खेळ निघाले. लढाईच्या पटखेळांतून त्याचा जन्म झाल्यामुळे प्रत्येक पात्राचा एक हिशेबी कागद असतो: बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती, आणि किती घाव सोसून ते पात्र जिवंत राहील याचा एक आकडा. हा शेवटचा आकडा आर्नेसन यांनी, त्यांच्याच सांगण्यानुसार, आरमारी युद्धाच्या एका खेळातून उचलला होता. चिलखती गलबत किती मारा सोसून बुडेल हे मोजण्यासाठी तो तेथे योजलेला होता.

देव या हिशेबात लवकरच ओढले गेले. १९७६ साली देवदेवतांवरील एक पुरवणी निघाली आणि १९८० साली ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ हे मोठे पुस्तक आले, ज्यात ग्रीक, नॉर्स आणि इजिप्ती देवांच्या बरोबरीने एक प्रकरण भारतीय देवांचेही होते. इंद्र, अग्नी, वरुण, यम, लक्ष्मी, काली आणि विष्णू यांच्या नावांपुढे बळाचे, कवचाचे आणि घावांचे आकडे रीतसर मांडलेले होते. झ्यूस आणि ओडिन यांच्या वाट्याला घावांचे ४०० अंक आले. आधीच्या पुरवणीच्या संपादकाचा हेतू तसा वाईट नव्हता; बेसुमार बलाढ्य होऊन बसलेल्या पात्रांना वेसण घालावी आणि देवाची मोजदाद जर इतकीच असेल तर माणसाची किती असावी हे खेळगड्यांना उमगावे, असे त्याला वाटत होते. परंतु ज्याच्या नावापुढे घावांचा आकडा आहे त्याला ठार करता येते, हे कोणत्याही खेळगड्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे देवांची ही पुस्तके पुष्कळांनी शिकारीची यादी म्हणूनच वाचली. गलबत बुडविण्याचे गणित विष्णूला लावल्यावर याहून वेगळे काही होण्याचा संभव नव्हता.

हे वाचून आपल्याकडील एखादा श्रद्धाळू गृहस्थ म्हणेल की, म्हणूनच देवांना खेळात आणू नये. देव पूजेचा विषय आहे, क्रीडेचा नव्हे. या भावनेचा मी आदर करतो, परंतु तिला परंपरेचा आधार मात्र मिळत नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव आणि पार्वती फासे खेळत बसलेले आहेत, आणि ते शिल्प कोणा टवाळाने कोरलेले नाही. भोरपासून फार दूर नसलेल्या जेजुरीचा खंडोबा तर याच्याही पुढे जातो. लोकपरंपरेतील कथेप्रमाणे तो म्हाळसेशी सारीपाट मांडतो, पण लावतो, डाव हरतो, आणि पणाला जागून बारा वर्षांचा वनवास पत्करून बाणाईच्या बापाकडे ओळख लपवून चाकरीला राहतो. ज्याच्या भंडाऱ्याने गड पिवळा होतो तो देव मेंढरे राखतो, मालकाची बोलणी खातो आणि धनगराच्या पोरीचे मन जिंकतो. या कथेत देव खेळगडी आहे, फाशाचा कौल मानणारा आहे, आणि वर दुसऱ्याच पात्राचे सोंग घेतलेला आहे. तरीही धनगर आणि वाघ्या-मुरळी ती कथा गातात तेव्हा खंडोबाच्या देवपणाला कोठे बाध आला असे त्यांना वाटत नाही. पण हरूनही शब्दाला जागला, याच गोष्टीत त्यांना त्याचे मोठेपण दिसते.

पंढरीच्या विठ्ठलाचीही हीच कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला मोकळी केली, तेव्हा धान्याची रक्कम बेदरच्या दरबारात रुजू करून तिची पावती घेण्यासाठी देव विठू महाराच्या वेषाने गेला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. जनाबाईच्या जात्याला तो हात लावतो, चोखोबाची ढोरे ओढतो. मराठी माणसाने आपल्या देवाला इतक्या भूमिका दिल्या आहेत की, देवाला पात्र करणे हा परकीय उपद्रव आहे असे म्हणणे म्हणजे आपल्याच संतांच्या आणि लोककवींच्या दप्तरावर काळी रेघ ओढण्यासारखे होईल.

आणि या भूमिका केवळ कथेत राहिल्या नाहीत; त्या माणसांनी अंगावर घेतल्या. उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितात सोंगे एकामागून एक येत, आणि शेवटी देवापाशी मागणे मागून प्रसाद वाटला जाई. तळकोकणच्या दशावतारात कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते पात्र घ्यायचे एवढेच आधी ठरते. संवाद लिहिलेला नसतो, तो रंगमंचावर उभ्या उभ्या सुचावा लागतो आणि समोरच्याच्या बोलण्यावरून पुढे न्यावा लागतो. वेद चोरणारा संकासुर लोकांना पोट धरून हसवतो, देवाशी हुज्जत घालतो, आणि अखेर विष्णूच्या हातून त्याचा निकाल लागतो. अमेरिकेतील जाणकारांना १९७४ साली जी युक्ती अपूर्व वाटली, ठरलेली कथा आणि न ठरलेले शब्द यांचा मेळ घालण्याची, ती आपल्या देवळांच्या पटांगणांत कितीतरी आधीपासून रात्रभर चालत आली होती.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचे उदाहरण तर या प्रश्नाला अगदी लागू पडणारे आहे, कारण तो निव्वळ बैठा खेळ आहे, त्यात भक्तीचे कोणतेही निमित्त नाही. गोल, लाखेच्या रंगांनी रंगविलेली १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. राजाच्या पानावर साक्षात अवतार. आता या खेळाचा एक नियम जवळून पाहा. दिवसा खेळ मांडला असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने पहिली उतारी करावयाची. रात्री मांडला असेल तर तो मान कृष्णाच्या राजाचा. राम भर दुपारी जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नियमाचे सौंदर्य सांगावे लागणार नाही. येथे देवाला आकडा चिकटविलेला नाही. देवाच्या चरित्रातून खेळाचा नियम निघाला आहे. देव पटावर आला तो आपली वेळ घेऊन आला, आणि खेळणाऱ्यांनी त्या वेळेचा मान राखला. देवाला पात्र कसे करावे याचे इतके नेमके उत्तर मला परदेशी नियमपुस्तकांत सापडलेले नाही.

हाच न्याय भोर-वेल्ह्याला लावून पाहू. वेल्हे तालुक्याचे नाव शासनाने आता राजगड केले आहे. त्या राजगडाच्या पद्मावती माचीवरील देवळात जो जाईल त्याला गाभाऱ्यात एकाच देवीची तीन रूपे दिसतील. मुख्य पूजेची मूर्ती भोरच्या पंतसचिवांनी स्थापिलेली. तिच्या उजव्या बाजूची लहान मूर्ती शिवाजी महाराजांच्या काळची, असे सांगितले जाते. आणि दोहोंच्या मध्ये शेंदूर फासलेला, नाक-डोळे न घडविलेला तांदळा, आणि तोच मूळ पद्मावतीचा. एका सत्तेने दुसरीची मूर्ती काढून टाकली नाही, आणि दोन्ही राज्यकर्त्यांनी मूळच्या अनघड दगडाला मध्यस्थान सोडले. देवतेचे रूप काळागणिक नवे होऊ शकते, पण नव्याने जुन्याला पदच्युत करावयाचे नसते, हा धडा त्या गाभाऱ्यात नुसते उभे राहिले तरी मिळतो. डोंगर चढून आलेले तरुण पिढ्यान्‌पिढ्या त्याच देवळाच्या आश्रयाला पथाऱ्या टाकीत आले. त्यांच्यापैकी कोणाला पद्मावतीवर खेळाचे एखादे आख्यान रचावेसे वाटले, तर त्याने तिचे चौथे रूप घडवावे, त्याला माझी ना नाही. मात्र मधला तांदळा जागचा हलवू नये.

परदेशी पुस्तकांची दुसरी चूक अशी की, ती देवांना खाती वाटून देतात: हा युद्धाचा, तो समुद्राचा, ती प्रेमाची. मावळातल्या देवांची व्यवस्था अशी नाही. त्यांचा अंमल विषयावर नसून भूमीवर असतो, आणि ज्याप्रमाणे कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे अशी देशमुखांची वतने खोऱ्याखोऱ्याने पडलेली होती, त्याप्रमाणे दैवतांच्या हद्दीही शिवेशिवेने ठरलेल्या असतात. तोरण्यावर मेंगाईचे ठाणे आहे, तेथेच तोरणजाईही आहे, आणि वेल्ह्याची माणसे मेंगाईला आपली म्हणतात. भोरजवळच्या रोहिड्यावर रोहिडमल्ल, म्हणजे भैरोबा, किल्ला राखीत बसला आहे. रायरेश्वराच्या पठारावर, जेथे शिवाजी महाराजांनी स्वराज्याची शपथ घेतली अशी दृढ परंपरा आहे, जंगमांची घरे देवाची सेवा करीत आली आहेत. आणि भाटघर धरणाच्या जलाशयात कांबऱ्याचा कांबरेश्वर आहे, ज्याचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात धरण आटले म्हणजे लोकांना दर्शन देते. या देवाला किती घाव सोसवतील, असे विचारण्यात काय अर्थ आहे? पाणी उतरेपर्यंत ज्याची गाठ पडणे शक्य नाही, ज्याच्या गावकऱ्यांना धरणासाठी आपली जुनी वस्ती सोडावी लागली, असा देव ही मुळातच एक भारदस्त व्यक्तिरेखा आहे, आणि ती कागदावर उतरविण्यास एकही अंक लागत नाही.

म्हणून जो कोणी मराठी सूत्रधार असा खेळ रचू पाहील त्याला माझी सूचना अशी की, देवतेच्या कागदावर बळ आणि घाव लिहिण्याऐवजी चार गोष्टींची नोंद करावी: तिचे ठाणे कोठे, तिची शीव कोठवर, तिची नाती कोणाशी, आणि तिची अट काय. एक उदाहरण घेऊ. तोरण्याची डागडुजी चालू असता द्रव्य सापडले आणि ते राजगडाच्या बांधणीस लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. समजा, खेळातील गडी त्या रात्री कुदळी घेऊन गडावर आहेत आणि हंडे नुकतेच उघडे पडले आहेत. परदेशी पद्धतीचा सूत्रधार येथे मेंगाईला द्रव्याची राखणदार करून गड्यांशी लढायला उभी करील. आपल्या पद्धतीचा सूत्रधार गड्यांना देवळात नेईल, देवीला कौल लावायला सांगेल, आणि जो फासा एरवी तलवारीचा वार ठरवितो तोच येथे देवीचा उजवा-डावा ठरवील. कौल उजवा मिळाला तरी अट असेल: हे द्रव्य कोणाच्या घरात जाता कामा नये, गडाच्याच कामी लागले पाहिजे. आता त्या गड्यांत एक कर्जात बुडालेला असेल, एक सच्चा असेल, एक भेदरलेला असेल. आणि देवीने एक अक्षर न उच्चारता त्या सर्वांची परीक्षा सुरू होईल. देव पात्र झाल्याने खेळ मोठा होतो तो असा. आणि देव प्रतिस्पर्धी झाल्याने तो लहान होतो, कारण मग जिंकणे आणि हरणे यापलीकडे त्यात काही शिल्लक राहात नाही.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. विवेकवादी मित्र म्हणतात की, ज्या डोंगरी मुलखात आजही आजारी मूल दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेले जाण्याचा धोका आहे, तेथे देवी-देव, कौल आणि ब्रह्मपिशाच यांच्या कथा तरुणांच्या डोक्यात नव्याने भरणे घातक आहे. धोका खरा आहे. तो ओळखूनच महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा केला, आणि अंगात दैवी संचार झाल्याचे भासवून लोकांना भय घालणे हा त्यात गुन्हा ठरला. परंतु त्या भोंदूत आणि या खेळगड्यात नेमका काय भेद आहे, हे नीट पाहावे. भोंदू सोंग घेतो आणि ते सोंग नाही असे सांगतो. खेळगडी सोंग घेतो आणि ते सोंग आहे हे त्याच्यासह बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्या मुलीने एकदा सूत्रधार होऊन देवीच्या तोंडचे शब्द स्वतः रचले आहेत, तिला पुढे कोणी घुमणारा इसम देवीचा हुकूम म्हणून काही सांगू लागला तर ते शब्द कोण रचतो आहे हे ओळखण्यास वेळ लागणार नाही. तोरण्याच्या मुक्कामात ब्रह्मपिशाच भेटते ही आख्यायिका खेळात आणावी, तिची भीती मनसोक्त चाखावी, आणि खेळ आटोपल्यावर सर्वांनी मिळून तिच्यावर बोलावे. भीती कशी निर्माण केली जाते याचे इतके प्रत्यक्ष शिक्षण व्याख्यानातून मिळत नाही.

तिसरी गोष्ट मर्यादेची. ग्रीकांच्या झ्यूसला आज सहसा कोणी नवस बोलत नाही, म्हणून त्याला पटावर मारणारा कोणाच्या घरात पाऊल टाकीत नाही; मेंगाईला मात्र नवस बोलणारी बाई आज हयात आहे, तिची ओटी भरलेली आहे, आणि तिच्या शब्दाला आपल्या खेळाइतकीच किंमत आहे. तिच्यासमोर जे बोलण्यास आपली जीभ रेटणार नाही ते पटाभोवती बोलू नये, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे. हीच कसोटी इतर धर्मांच्या पूज्य व्यक्तींना आणि प्रतीकांना लावावी. जेथे एखाद्या समाजाला आपल्या आराध्याचे सोंग मुळातच मान्य नाही, तेथे ते घेऊ नये. त्याच वेळी या खेळाचे एक पुण्य मान्य केले पाहिजे. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. देवाजवळ कोणी जावे याचे इतके कडेकोट नियम ज्या समाजाने केले होते, त्याच समाजातील कोणत्याही जातीचा मुलगा किंवा मुलगी आज सतरंजीवर बसून खंडोबाची भूमिका घेऊ शकते, आणि त्यासाठी कोणाची सनद लागत नाही. ही समता जपण्याजोगी आहे.

आता शेवटी एक विनंती, आणि ती भोर-वेल्ह्यातील शिक्षकांना, ग्रंथालयांच्या चालकांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना आहे. मावळातील दैवतांच्या कथा गुरवांच्या, गोंधळ्यांच्या, जंगमांच्या आणि म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत, आणि गावे पुण्याकडे रिकामी होत चालल्याने त्या ऐकायला माणूस उरलेला नाही. डी. डी. कोसंबींनी पुणे परिसरातील ग्रामदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली, रा. चिं. ढेरे यांनी आयुष्य खर्चून लोकदैवतांचा धांडोळा घेतला. पण त्यांचे ग्रंथ वाचणारे थोडे, आणि खेळणारी मुले पुष्कळ. आठवी-नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुटीत हे काम द्यावे की, आपल्या गावच्या देवाचे ठाणे, शीव, नाती आणि अट विचारून लिहून आणा, आणि मग त्या वह्यांवरून बारा मावळांचा एक खेळ त्यांच्याकडूनच रचून घ्यावा. मुलांना परदेशी राक्षस आणि परदेशी देव ठाऊक असावेत, त्याला हरकत नाही. परंतु राजगडाच्या पायथ्याशी राहून पद्मावतीची गोष्ट ठाऊक नसावी, ही उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे साधन योगायोगाने मुलांच्या आवडीचेच निघाले आहे. ते त्यांच्या हातून हिरावून घेऊ नका. त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसा, आणि देव कसा मांडावा ते त्यांना दाखवा.